इन्स्टाग्रामवर बातमी का दिसत नाही?

तुम्ही टोरांटोत किंवा कॅल्गरीत राहता का? मग एक करून बघा. फोनवर इन्स्टाग्राम उघडा आणि सीबीसीचं पान शोधा. पान सापडेल, पण त्यात बातमी नसेल. 'कॅनडातल्या लोकांना हे दिसणार नाही' अशा अर्थाची सूचना तेवढी दिसेल. भारतातल्या वर्तमानपत्रांच्या पानांचंही तसंच. पुण्याच्या आजीला मात्र तिच्या फोनवर कॅनडाची बातमी दिसते. आहे की नाही गंमत?

हे कसं झालं ते पाहू. पूर्वी गावातला दुकानदार गावातल्याच वर्तमानपत्रात जाहिरात द्यायचा. त्या पैशांतून बातमीदारांचा पगार निघायचा. आता बहुतेक जाहिराती गूगल आणि फेसबुककडे जातात. त्यामुळे कॅनडातली कितीतरी छोटी वर्तमानपत्रं बंद पडली. म्हणून २२ जून २०२३ रोजी एक कायदा मंजूर झाला. बातम्या दाखवायच्या असतील, तर मोठ्या कंपन्यांनी त्या देणाऱ्यांना पैसे द्यावेत, असं तो सांगतो.

फेसबुक आणि इन्स्टाग्राम मेटा या कंपनीचे आहेत. मेटा म्हणाली, "बातम्यांच्या लिंक वर्तमानपत्रं स्वतःच टाकतात. त्यातून त्यांना वाचक मिळतात. मग पैसे आम्ही का द्यायचे?" तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं. पण पुढे तिने काय केलं? १ ऑगस्टपासून कॅनडात बातम्या दाखवणंच बंद करायला सुरुवात केली. बातमीच नाही, तर पैसे कशाचे! सुंठीवाचून खोकला गेला.

त्याच महिन्यात उत्तरेकडे जंगलांना मोठे वणवे लागले. यलोनाइफ शहरातल्या सुमारे २०,००० लोकांना घरं सोडायला सांगितलं. कुठला रस्ता चालू आहे, आग कुठवर आली, हे लोक फेसबुकवर एकमेकांना सांगत होते. पण तिथल्या 'केबिन रेडिओ'च्या बातमीची लिंक टाकता येईना. मग लोक बातमीचा स्क्रीनशॉट काढून तो पाठवू लागले. सरकारी सूचना फेसबुकवर दिसतात, असं मेटाने सांगितलं. तेवढं पुरेसं होतं का? मला तरी तसं वाटत नाही.

गूगलने मात्र सरकारशी बोलणी केली आणि वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायचं कबूल केलं. पैसे आले, पण फेसबुकवरचे वाचक गेले. मोठ्या वर्तमानपत्रांचं स्वतःचं ॲप असतं, त्यांचं निभावतं. ज्यांनी नुकतंच काही नवीन सुरू केलंय, त्यांना वाचक मिळायचे ते बरेचसे फेसबुकवरूनच. कायदा त्यांच्यासाठीही होता, आणि फटका त्यांनाच जास्त बसला.

याच कंपन्यांसाठी कॅनडाने २०२४ मध्ये आणखी एक कायदा केला. कॅनडातल्या लोकांकडून त्या ऑनलाइन जी कमाई करतात, तिच्यावर ३ टक्के कर. पण यातल्या बहुतेक बड्या कंपन्या अमेरिकेच्या, आणि कॅनडाचा सगळ्यात मोठा व्यापार अमेरिकेशीच! २७ जून २०२५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी जाहीर केलं, की या करामुळे कॅनडाशी व्यापाराची बोलणी बंद. दोनच दिवसांनी, २९ जूनच्या रात्री, पंतप्रधान कार्नी यांच्या सरकारने कर मागे घेतला. कराची पहिली रक्कम दुसऱ्या दिवशी भरायची होती.