गड आणि मळा : फ्रान्सचा एक द्राक्षप्रांत व आपला जुन्नर

प्रवास हा शहरी व श्रीमंत लोकांचा शोक आहे, शेतकऱ्यास त्याच्याशीं काय करावयाचें आहे, असा समज आपल्याकडे फार दिवस रूढ आहे. पंढरीची वारी, जेजुरीची यात्रा आणि सोयऱ्यांचीं लग्नें, एवढ्यांत आपला प्रवास आटोपतो. परंतु जो प्रवासी आपल्या बांधावरून जातो तो काय पाहावयास येतो, व परत जातांना आपला पैसा कोणाच्या पदरांत टाकून जातो, हा प्रश्न शेतकऱ्याच्या हिशेबाचाच आहे. त्याचा विचार करण्यास सध्यां विशेष कारण घडलें आहे. ११ जुलै २०२५ रोजीं पॅरिस येथील अधिवेशनांत मराठ्यांच्या १२ दुर्गांची नोंद युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत झाली व त्यांत आपला शिवनेरी आहे. त्याच यादींत फ्रान्समधील एक द्राक्षप्रांत १९९९ सालापासून आहे. या दोन नोंदी शेजारीं ठेवून वाचल्या असतां जो बोध होतो, तो सभासदांपुढें मांडावा एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम फ्रान्सकडे वळूं. त्या देशाच्या नैर्ऋत्येस बोर्दो नांवाचें मोठें शहर आहे. त्याच्या पूर्वेस, दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यांत, चुनखडीच्या टेकडीवर सेंत-एमिलियाँ हें लहानसें गांव वसलें आहे. एमिलियाँ नांवाचा साधु आठव्या शतकांत येथील गुहेंत राहिला, अशी परंपरा आहे. पुढें त्याच टेकडीच्या पोटांत अखंड खडक कोरून एक भव्य देऊळ तयार झालें. गांवाखालीं दगडाच्या जुन्या खाणी आहेत व त्याच दगडानें घरें बांधलीं आहेत. ११९९ सालीं इंग्लंडचा राजा जॉन यानें (हा मुलूख त्या वेळीं त्याच्या ताब्यांत होता) गांवच्या पंचांस कारभाराची सनद दिली. त्या जुन्या हद्दींत आठ गांवें येतात.

येथें लक्षांत घेण्याजोगी गोष्ट अशी कीं, युनेस्कोनें नुसतें देऊळ किंवा नुसता बुरूज नोंदविला नाहीं. आठही गांवांची सुमारें ७,८०० हेक्टर भूमि, तींतील द्राक्षवेलींच्या ओळींसह, वारसा म्हणून नोंदविली. शतकानुशतकें एकाच पिकाची निगा राखून माणसानें घडविलेली जमीन हीच तेथें पाहण्याची वस्तु ठरली. प्रवासी सकाळीं खडकांतील देऊळ पाहतो, दुपारीं मळ्यांतून हिंडतो, दुसऱ्या दिवशीं जिरोंद नदीकांठचा ब्ले येथील सतराव्या शतकांतील किल्ला पाहतो, आणि सवड असल्यास समुद्रकांठचा पिला येथील शंभर मीटरहून उंच वाळूचा डोंगर चढून येतो. एवढें पाहण्यास दोन-तीन मुक्काम लागतात, आणि मुक्काम झाला म्हणजे पैसा त्या प्रांतांतच राहतो.

आतां आपल्या रस्त्यास लागूं. चिंचवडास पवनेच्या कांठीं श्रीमोरया गोसावी यांच्या समाधीचें दर्शन घेऊन निघालें, कीं मोशीस इंद्रायणी लागते. तेथून चाकणपर्यंत जेथें बाजरी व कांदा पिके, तेथें आतां कारखान्यांचीं छपरें आहेत. त्यांच्या गर्दींत चाकणचा संग्रामदुर्ग लपल्यासारखा झाला आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळा यानें हा भुईकोट शाइस्तेखानाच्या प्रचंड फौजेविरुद्ध जवळजवळ दोन महिने लढविला, आणि सुरुंगानें बुरूज उडाल्यावरच तो खानाच्या हातीं गेला. आज रोज सहस्रावधि कामगार या बाजूनें जातात. पण आंत शिरून पाहणारे थोडे. पुढें भीमेच्या कांठीं राजगुरुनगर आहे. हुतात्मा शिवराम हरि राजगुरु यांचा जन्म १९०८ सालीं येथें झाला; त्यांचा वाडा पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये.

मंचर मागें पडलें, घोड नदी ओलांडली, कीं नारायणगांवाच्या आसपास द्राक्षांचे मांडव दिसूं लागतात. हा पट्टा पूर्वीं असा हिरवा नव्हता. डिंभें, माणिकडोह, येडगांव, वडज व पिंपळगांव जोगे या कुकडी प्रकल्पाच्या पांच धरणांनीं त्यास हें रूप दिलें. फ्रान्सची वेल थंडींत पानें टाकून निजते, वसंतांत जागी होते व सप्टेंबर-ऑक्टोबरांत तिची तोडणी होते. आपल्या वेलीस अशी झोंप नाहीं. एप्रिलांत खरड छाटणी व ऑक्टोबरांत गोडी छाटणी अशा दोन छाटण्या करून आपण तिच्याकडून काम घेतों आणि जानेवारीपासून मार्चपर्यंत घड उतरवितों. परक्या माणसास हें सांगितलें तर तो आश्चर्यानें ऐकतो. पण सांगणारा भेटत नाहीं.

जुन्नर शहराभोंवतालच्या डोंगरांत दोनशेंहून अधिक लेणीं कोरलेलीं आहेत. एवढीं एका ठिकाणीं क्वचितच आढळतात. लेण्याद्रीस तीनशेंच्या आसपास पायऱ्या चढून गेलें कीं बौद्ध भिक्षूंच्या विहारांतच अष्टविनायकांपैकीं गिरिजात्मजाचें दर्शन होतें. तुळजा लेण्यांत बारा खांबांचें वाटोळें चैत्यगृह आहे. पण शेतकऱ्यानें विशेष पाहावे ते लेण्यांतील शिलालेख. धान्याचा व्यापार करणाऱ्यांच्या श्रेणीनें, म्हणजे त्या काळच्या संघानें, सात खोल्यांचें लेणें व पाण्याचें टांकें दान दिल्याचा लेख येथें आहे. दुसऱ्या एका लेखांत एका शक दात्यानें करंजाच्या झाडांसाठीं वीस निवर्तनें व वडांसाठीं नऊ निवर्तनें जमिनीचें उत्पन्न एका श्रेणीच्या स्वाधीन केलें आहे. अठराशें वर्षांमागें या तालुक्यांत लोक संघावर विश्वासून झाडांसाठीं ठेव ठेवीत होते, हें वाचून आपल्या संस्थेच्या सभासदांस अभिमान वाटावा.

पश्चिमेस नाणेघाट आहे. कोंकणांतून देशावर येणारा सातवाहनांचा हा व्यापारी मार्ग. वर जकातीचा म्हणून सांगितला जाणारा दगडी रांजण आहे, व गुहेंत राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. कोणत्या यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती कार्षापणें दक्षिणा दिली, याची त्यांत नोंद आहे. आम्हांस ती एखाद्या चोख ठेवलेल्या खतावणीसारखी वाटली. शिवनेरीवर जन्मस्थान व शिवाई देवीचें देऊळ पाहून बहुतेक लोक परततात. त्यांनीं अंबरखाना, म्हणजे गडाचें धान्याचें कोठार, अवश्य पाहावें. गड तोफांवर लढे, पण जगे तो खालच्या शेतांच्या धान्यावर.

निसर्गाची नवलेंही येथें उणीं नाहींत. कुकडीच्या कांठीं बोरी येथें सुमात्रा बेटावरील तोबा ज्वालामुखीची राख थरानें सांपडते. आणे घाटाजवळ गुळुंचवाडीस ओढ्यानें खडक कोरून पूल केला आहे. तीच कुकडी पुढें पारनेर तालुक्यांत निघोजला खडकांत शेंकडों रांजणखळगे पाडते. खोडद येथें प्रत्येकीं ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे.

आतां मुद्द्याची गोष्ट. जागतिक यादींत नोंद झाली ती दुर्गांची. गडाखालच्या मळ्याची पीक म्हणून, वारसा म्हणून, कोणींच नोंद घेतलेली नाहीं. २०१८ सालीं शासनानें जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला. माणसें येऊं लागलीं. तीं गड चढतात, रस्त्याकडेच्या खानावळींत जेवतात आणि सायंकाळीं चिंचवड-पुण्यास परततात. पाठोपाठ रस्त्याकडेच्या पट्ट्यांस गिऱ्हाईक येतें. महसूल खात्यांत नोकरी घालविलेल्या आम्हांस एवढें ठाऊक आहे कीं, एकदां बिनशेती झालेला गट पिकाच्या रकान्यांत सहसा परत येत नाहीं. चाकणपर्यंतचा इतिहास वाचकांच्या डोळ्यांपुढें आहे. गडावरून दिसणारा हिरवा मुलूख उद्यां पत्र्याचा झाला, तर प्रवाशाला दाखविण्यास दगड तेवढे उरतील.

म्हणून आमच्या सूचना अशा :

पहिली, रस्त्याकडेचा पट्टा विकण्याऐवजीं स्वतः वापरावा. शासनाचें कृषि पर्यटन धोरण २०२० सालचें आहे. त्याखालीं पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करतां येते.

दुसरी, शिवजयंती १९ फेब्रुवारीस येते, म्हणजे नेमकी तोडणीच्या हंगामांत. त्या आठवड्यांत गांवानें मिळून मळा दाखवावा, घड तोडूं द्यावा व वजनावर पैसे घ्यावे. फवारणी झालेल्या बागेंत मात्र कोणासही, विशेषतः मुलांस, सोडूं नये. आणि बिबट्याचा वावर असलेल्या उसाच्या बाजूस तिन्हीसांजेनंतर नेऊं नये.

तिसरी, शिलालेख, धरण व छाटणी यांची माहिती सांगणारे दोन तरुण प्रत्येक गांवांत तयार करावे.

चौथी सूचना मद्याविषयीं. फ्रान्सचें नांव घेतलें कीं मद्याचा विषय निघतोच. १९८० नंतरच्या दशकांत नारायणगांवीं फ्रेंच तंत्रानें फेसाळ द्राक्षमद्य करणारा कारखाना निघाला व त्याचा माल परदेशींही गेला. पण २०१० च्या सुमारास त्याचा व्यवहार कोसळला. २००१ सालीं शासनानें या धंद्यास उत्तेजन देणारें धोरण आंखलें, तरी आपल्या द्राक्षांचा फारच थोडा भाग त्या कामीं जातो. तेव्हां मळा दाखविण्यासाठीं मद्याची गरज नाहीं. माळकरी घरासही ताजीं द्राक्षें, बेदाणे व रस विकतां येतील, आणि एका खरेदीदाराच्या भरंवशावर सारी बाग लावण्याचा धोकाही टळेल.

सेंत-एमिलियाँच्या लोकांनीं आपली हद्द आठशें वर्षें जपली, म्हणून जगानें ती मान्य केली. जुन्नरच्या श्रेणींनीं त्याच्याही पूर्वीं झाडांची जबाबदारी पत्करली होती. खेड, आंबेगांव व जुन्नर येथील सभासदांनीं या विषयावर आपापल्या गांवीं सभा भरवाव्या, आपल्या शिवारांतील जुनीं देवळें, बारवा, लेणीं व बागा यांची एक यादी करावी आणि ती संस्थेकडे पाठवावी. याद्या हातीं आल्यावर तालुक्याचा एकत्र नकाशा करून शासनापुढें ठेवतां येईल. शेतकऱ्याचें जें आहे त्याची नोंद प्रथम शेतकऱ्यानेंच केली पाहिजे, अशी आमची सर्वांस नम्र विनंती आहे.