डाव्या हाताचा कोयता

कोयता सांगायला आलेल्या माणसाला रहिमतपूरचा लोहार लोखंडाबद्दल काही विचारत नाही. आधी हात विचारतो, मग काम. ऊस तोडायचा, कडबा तोडायचा, का बांधावरची झुडपं छाटायची? मग समोरच्याला एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतो, कारण उंच माणसाला जास्त वाकावं लागतं आणि त्याची मूठ दोन बोटं लांब हवी. मी गेलो त्या सकाळी बीडकडचा एक ऊसतोड मजूर तिथे उभा होता. तो डावखुरा होता आणि बाजारातला तयार कोयता उजव्या हाताचा असतो.

या लोहाराच्या कोयत्याला धार एकाच अंगाने काढलेली असते, दुसरं अंग सपाट. ऊस जमिनीलगत तोडायचा तर सपाट अंग खाली हवं. धारेचा उतार खाली आला की पातं मातीवरून उचललं जातं आणि ऊस बोटभर वर तुटतो. साखर सगळ्यात जास्त भरते ती बुडख्याकडच्या कांड्यांत, म्हणजे त्या बोटभरात वजनही जातं आणि उताराही जातो. शिवाय उंच राहिलेल्या बुडख्यावरून खोडवा नीट फुटत नाही. टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणूनच मोजतात आणि मजुरी टनावर मिळते. उजव्या हाताचा कोयता डाव्या हातात घेऊन हा माणूस आजवर मनगट वाकडं करून तोडत होता. त्याला उलट्या अंगाचं पातं हवं होतं.

रहिमतपूर कोरेगाव तालुक्यातलं. कमंडलू नदी, चौंडेश्वरीचं देऊळ, पुणे-मिरज मार्गावरचं स्टेशन आणि सगळीकडे ऊस आणि आलं. लोहाराचं छप्पर भर दिवसा अंधारं ठेवलेलं असतं. उन्हात, तापलेल्या लोखंडाचा रंग डोळ्याला फसवतो आणि इथलं निम्मं काम रंगावर चालतं. चामड्याच्या भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आला आहे. बाकी ऐरण, घण, सांडशी, छन्नी, कानस सगळं जागच्या जागी.

लोखंड म्हणजे ट्रकच्या कमानीचा पाटा, भंगारातून किलोवर आणलेला. कारखान्याच्या भाषेत हे बहुधा ईएन ४५ जातीचं स्प्रिंग स्टील : कार्बन अर्ध्या टक्क्याच्या थोडा वर, सिलिकॉन दोन टक्क्यांच्या आसपास, जोडीला मँगनीज. लाखो वेळा वाकून सरळ व्हायला बनवलेलं. पण वर्षानुवर्षं ओझं वाहिलेल्या पाट्यात डोळ्याला न दिसणारी चीर असू शकते. म्हणून लोहारमामा पाट्याचा तुकडा ऐरणीवर टाकून आवाज ऐकतात. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर बाजूला. मधल्या बोल्टच्या भोकाजवळचा भाग ते पात्याला कधीच वापरत नाहीत.

घण मामींच्या हातात. मामा सांडशीने पातं धरतात आणि हातोडीचा हलका ठोका जिथे टाकतात, तिथेच पुढच्या क्षणी घण पडतो. बोलणं नाही. ठोका कुठे हवा, किती जोरात हवा, कधी थांबायचं, हे सगळं ती हातोडी सांगते. पातं घडवताना एक गोष्ट मी पहिल्यांदा बघितली. मामांनी आधी ते धारेच्या बाजूला चांगलं वाकवून घेतलं. मला वाटलं, आकार बिघडला. पण धारेकडची कड ठोकून पातळ करत गेले तसं त्या बाजूचं लोखंड लांबत गेलं आणि पातं आपोआप पाठीकडे सरकून सरळ झालं. शेवटी जेवढा बाक हवा तेवढाच उरला.

खरी परीक्षा पाणी देताना. बादलीतलं पाणी गार असेल तर पात्याला तडा जातो, म्हणून मामांनी आधी लोखंडाचा एक तापलेला तुकडा बुडवून पाणी कोमट केलं. पातं भट्टीत पळसाच्या फुलासारखं झालं, तेव्हा बाहेर काढून फक्त धारेकडची दोन बोटं पाण्यात धरली आणि संथपणे पुढे-मागे हलवत राहिले. पाठ तापलेलीच ठेवली. या वेळी पोलादाच्या आत काय होतं ते पुस्तकात आहे : साडेआठशे अंशांच्या आसपास कार्बन लोखंडात विरघळलेला असतो, एकदम थंड केलं की त्याला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो जागच्या जागी अडकतो आणि लोखंड ताठरून कठीण होतं. कठीण, पण काचेइतकं ठिसूळ. तो ठिसूळपणा उतरवण्यासाठीच पाठीतली आच शिल्लक ठेवलेली असते.

पातं बाहेर काढून मामांनी विटेच्या तुकड्याने घासलं. काळपट पापुद्रा जाऊन पांढरी चकाकी दिसली आणि त्या चकाकीवर पाठीकडून रंग उतरायला लागले. आधी फिकट पिवळा, मग तांबूस, मग जांभळा, त्यामागे निळा. प्रत्येक रंग म्हणजे ठरावीक तापमान : पिवळा सव्वादोनशेच्या आसपास, निळा तीनशेच्या. रंगांची ही रांग हळूहळू धारेकडे सरकते. पिवळ्यावर थांबवलं तर धार फार कडक राहते, निळा होऊ दिला तर मऊ पडते. जांभळा धारेला टेकला त्या क्षणी मामांनी अख्खं पातं पाण्यात घातलं. एवढ्या वेळात त्यांनी मान वर केली नव्हती.

"जास्त कडक ठेवला तर दगडाव वाजला की तुकडा उडंल. मऊ ठेवला तर धार दुमडंल. दुमडल्याली धार रानात सरळ हुती, उडाल्याली न्हाय." मामांनी एवढंच सांगितलं.

माझ्या पिशवीत त्या दिवशी पुण्याच्या एका मित्राची सुरी होती. एकसंध पात्याची, हाताने घडवलेली, 'एस ९० व्ही' नावाच्या पावडर स्टीलची. हे पोलाद ओतीव पद्धतीने नीट होतच नाही, कारण त्यात कार्बन दोन टक्क्यांहून जास्त आणि व्हॅनेडियम नऊ टक्के. साध्या पद्धतीने ओतून सावकाश थंड केलं तर कठीण कार्बाइडचे मोठे खडे तयार होतात आणि पातं तिथेच फुटतं. म्हणून वितळलेल्या पोलादाच्या धारेवर जोरात वायू मारून तिचे बारीक थेंब उडवतात. थेंब क्षणात गोठतो, खड्यांना वाढायला सवडच मिळत नाही. ही भुकटी डब्यात भरायची, हवा काढायची आणि प्रचंड दाबाखाली तापवून सलग ठोकळा करायचा. १९७० च्या सुमारास अमेरिकेत आणि स्वीडनमध्ये ही रीत कारखान्यात उतरली. मला ती विसाव्या शतकातल्या धातुविद्येची मोठी कमाई वाटते.

मामांनी सुरी हातात घेतली, तोल बघितला, नखावर धार बघितली आणि विचारून टाचेजवळ कानस फिरवली. कानस घसरली. लोखंड खाल्लं नाही, नुसती सरकली. मामांचा चेहरा खुलला. पुन्हा एकदा फिरवून त्यांनी तो आवाज ऐकला, मामींना ऐकवला. "लई पाणीदार हाय," म्हणाले. मग सुरी परत देताना विचारलं, "पर हे पाजवायचं कशावं?"

हा प्रश्न अचूक होता. व्हॅनेडियमचं कार्बाइड धार लावायच्या नेहमीच्या दगडातल्या कणांपेक्षाही कठीण असतं, त्यामुळे अशा पात्याला हिऱ्याच्या कणांची पट्टी लागते. स्वयंपाकघरात किंवा शिकारीच्या सामानात ते चालतं. महिनोन्‌महिने धार टिकते. ऊसतोड मजुराला धार टिकण्याइतकीच ती परत आणता येणंही महत्त्वाचं असतं. उसाच्या पाल्यात आणि सालीत सिलिका असते, ती धार खाते. खाली माती, मातीत काळ्या दगडाचे खडे. मजूर दिवसातून कितीदा तरी बांधावर बसून दगडावर कोयता पाजवतो आणि उठतो. नऊ टक्के व्हॅनेडियमचा कोयता पहिल्याच खड्यावर दात पाडून घेईल आणि ते दात त्या शिवारात काढता येणार नाहीत. मामा मुद्दाम जांभळ्यावर थांबतात ते यासाठी, आणि ही समज मला त्या पावडर पोलादाच्या प्रयोगशाळेइतकीच मोलाची वाटते.

व्हॅनेडियम आपल्याकडे नवीन मात्र नाही. दक्षिणेत मुशीत तयार होणाऱ्या वुट्झ पोलादावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटायची. अमेरिकेतले धातुतज्ज्ञ जॉन व्हेरहोवेन आणि लोहार आल्फ्रेड पेंड्रे यांनी १९९८ साली दाखवलं की त्या नक्षीच्या मुळाशी खनिजातून आलेला व्हॅनेडियमसारख्या धातूंचा नगण्य अंश आहे. परक्या पोलादाचंही आपल्याला वावडं नव्हतं : मराठ्यांच्या फिरंगी तलवारीचं पातं युरोपातलं, मूठ इथली. आज परदेशी पावडर स्टीलची पट्टी मागवून सुऱ्या करणारी तरुण मुलं त्याच वाटेने चालली आहेत.

रहिमतपूरच्याच रेल्वेमार्गावर खाली किर्लोस्करवाडी आहे. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी तिथल्या माळावर कारखाना काढला आणि लोखंडी नांगर गावोगाव गेला. लाकडी नांगराचा फाळ पाजवणं हे लोहाराचं बलुतं होतं; ते आधी नांगराने आणि मग ट्रॅक्टरने संपवलं. कोयता, विळा, खुरपं, कुदळ एवढं उरलं. त्यात पुण्यातल्या कोयत्याच्या दहशतीच्या बातम्या आल्या आणि हा शब्द ऐकला की शहरातला माणूस दचकायला लागला. मला याचं फार वाईट वाटतं. लाखो बायका-पुरुषांचं पोट ज्या अवजारावर चालतं, त्याची ओळख गुन्ह्याच्या बातमीतून व्हावी!

मूठ बाभळीची. तापवलेलं शेपूट लाकडात धूर काढत बसवलं, तोंडाला लोखंडी कडी घातली. मजुराने डाव्या हाताने कोयता हवेत दोनदा जमिनीलगत फिरवला. "मामा, अंगठ्याकडं जरा भरतंय." मामांनी तिथलं लाकूड कानशीने उतरवलं, त्याने परत फिरवला, परत थोडं उतरवलं. मग त्याने पैसे दिले आणि झिजून तीन बोटांवर आलेला जुना कोयता पुढे केला. उजव्या हाताचा, उतार चुकीच्या अंगाला.

"ह्याचं खुरपं करा. बायकोला."

"तिचा हात?"

"उजवा."

मामांनी तो ऐरणीवर टाकून आवाज ऐकला आणि भट्टीत सरकवला.