चर्चमधलं ग्रॅज्युएशन: नेमका आक्षेप कशाला होता?

अमेरिकेत बारावी संपली की होणारा ग्रॅज्युएशनचा सोहळा आता तिथल्या मराठी घरांतही कौतुकाचा झाला आहे. झगा, चौकोनी टोपी, माइकवरून नावाचा पुकारा, मंचावर जाऊन हातात घेतलेला डिप्लोमा. आजी-आजोबांच्या तिकिटांची तारीखही त्यावरूनच ठरते. हा सोहळा घ्यायचा कुठे, यावर मात्र कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत आणि त्यातून एक समज पक्का बसला आहे: सरकारी शाळांना चर्चची जागा घ्यायला कोर्टानं बंदी केली. अशी सरसकट बंदी कुणीच घातलेली नाही. कोर्टानं पाहिलं ते एवढंच, की सरकारी शाळेचा डिप्लोमा घ्यायला आलेल्या मुलाला नेमकं कशासमोर बसवलं जातं. इमारत कुणाच्या मालकीची, हा प्रश्न त्यामानानं दुय्यम होता.

हा समज मुख्यतः विस्कॉन्सिनमधल्या प्रकरणावरून पसरला. मिलवॉकीच्या पश्चिमेला ब्रुकफील्ड नावाचं उपनगर आहे. तिथल्या ब्रुकफील्ड सेंट्रल या शाळेनं 2000 पासून आणि ब्रुकफील्ड ईस्टनं 2002 पासून आपला सोहळा एल्मब्रुक चर्चच्या मुख्य प्रार्थनागृहात घ्यायला सुरुवात केली. यामागे शाळेचा धर्मप्रसाराचा डाव होता, असं काही जण धरून चालतात, तेही खरं नाही. शाळेचं जिम्नॅशियम कोंदट आणि अपुरं पडत होतं, बाकं टणक होती. चर्चमध्ये एसी, गादीची आसनं, भरपूर मोफत पार्किंग. मागणी विद्यार्थ्यांच्या प्रतिनिधींनीच केली होती आणि रीतसर भाडं भरून जागा घेतली जात होती. पण त्याच प्रार्थनागृहात मंचाच्या वर भलामोठा क्रूस होता. बाकांच्या खणांत बायबल, भजनांची पुस्तकं, दानाची पाकिटं, लहान मुलांसाठी धार्मिक चित्रांची कार्डं. बाहेरच्या दालनात धर्मपत्रकांची टेबलं. क्रूस झाकायला चर्चनं नकार दिला, आणि आपल्या जागी चर्चचं काही चुकलं असं म्हणता येणार नाही. सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानं 23 जुलै 2012 रोजी 7 विरुद्ध 3 मतांनी शाळांच्या विरोधात निकाल दिला, तो या सगळ्या मांडणीवर. चर्चच्या मालकीच्या जागेचा सरकारी वापर कधीच करता येणार नाही, असा त्याचा अर्थ काढू नये, हेही बहुमतानं त्याच निकालात बजावलं.

दुसरा समज सक्तीबद्दलचा. सोहळ्याला येणं ऐच्छिक असतं, न आल्यानं डिप्लोमा अडत नाही, मग सक्ती कसली? हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयानं 1992 मध्येच ‘ली विरुद्ध वाइझमन’ खटल्यात 5 विरुद्ध 4 मतांनी फेटाळला होता. ऱ्होड आयलंडमधल्या एका शाळेनं सोहळ्यात प्रार्थनेसाठी रब्बींना बोलावलं होतं आणि आक्षेप घेणारं कुटुंब स्वतः ज्यू होतं. म्हणजे असे वाद बहुसंख्याकांच्या धर्माविरुद्धच उभे राहतात, हेही खरं नाही. न्यायमूर्ती केनेडी यांच्या निकालाचा मथितार्थ असा, की आयुष्यात एकदाच येणारा हा दिवस मुलानं आपला धर्म किंवा निधर्मीपणा सांभाळण्यासाठी चुकवावा, अशी अट सरकार घालू शकत नाही. कागदावर ऐच्छिक असलेली गोष्ट सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला तशी वाटत नसते, हे कुठल्याही पालकाला वेगळं सांगायला नको.

यावर सगळ्यात वजनदार आक्षेप समानतेचा आहे. संध्याकाळी शाळेची खोली ख्रिस्ती मुलांच्या क्लबला चालते, मग शाळेला चर्च का चालू नये? क्लबला खोली मिळते हे खरंच आहे. 2001 च्या ‘गुड न्यूज क्लब’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं तसा हक्क मान्य केला. पण तिथे शाळेची वेळ संपलेली असते, खोली इतर संस्थांनाही खुली असते आणि बोलणारा खासगी माणूस असतो. सोहळ्यात बोलते ती शाळा, आणि ऐकणारे तिचेच विद्यार्थी. मतदान केंद्रं चर्चमध्ये असतात, हा दाखलाही असाच अर्धा लागू पडतो: मतदार प्रौढ असतो, पाच-दहा मिनिटांत बाहेर पडतो, कुठे कुठे त्याला टपालानंही मत देता येतं. आपल्याकडच्या वाचकाला वाटेल, देवळाच्या सभामंडपात शाळेचं स्नेहसंमेलन झालं तर काय बिघडलं? सवयीच्या चिन्हाखाली बसताना काही जाणवत नाही, हे कबूल. ब्रुकफील्डमधल्या बहुतेकांनाही काही जाणवलं नसणार. न्यायालयासमोर प्रश्न होता तो ज्यांना जाणवतं त्यांचा.

मग चिन्हं झाकली की भागलं? कनेक्टिकटमधल्या एन्फिल्डच्या शाळा ब्लूमफील्डच्या ‘फर्स्ट कॅथीड्रल’मध्ये सोहळा घेत. तिथे धार्मिक चित्रं झाकायची तयारी होती, तरी 2010 मध्ये जिल्हा न्यायालयानं मनाई हुकूम दिला. प्रार्थनास्थळात काय झाकायचं आणि काय नाही हे सरकारी शाळा ठरवू लागली, तर ती त्या धर्माच्या कारभारात आणखीच गुंतते, असं न्यायाधीशांना दिसलं. वरकरणी समंजस वाटणारा तोडगाच अंगाशी आला.

ब्रुकफील्डच्या निकालावर सर्वोच्च न्यायालयानं शिक्कामोर्तब केलं, असंही सांगितलं जातं. न्यायालयानं जून 2014 मध्ये प्रकरण ऐकायला फक्त नकार दिला, आणि नकार म्हणजे मान्यता नव्हे. त्या वेळी न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी न्यायमूर्ती थॉमस यांच्यासह विरोधी टिपण लिहिलं. सार्वजनिक धर्मचिन्हांचा ज्यांना त्रास होतो त्यांची भावना त्यांनी स्वतःच्या रॉक संगीताच्या नावडीशी ताडून पाहिली. टिपण मोठं खुसखुशीत आहे, पण रॉक ऐकल्याशिवाय डिप्लोमा घेता येणार नाही अशी वेळ त्यांच्यावर आली नव्हती. 2022 च्या ‘केनेडी विरुद्ध ब्रेमर्टन’ निकालानं मात्र चित्र बदललं. सरकार धर्माला पसंती देतं असं पाहणाऱ्याला वाटेल का, ही कसोटी न्यायालयानं मोडीत काढली. ब्रुकफील्डचा निकाल अंशतः तिच्यावरच उभा होता, त्यामुळे तेवढा भाग आज लंगडा आहे. सक्तीचा मुद्दा टिकून आहे. शिवाय सातव्या सर्किटचा शब्द विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांपुरताच बंधनकारक. ब्रुकफील्डच्या शाळांपुरता जागेचा प्रश्न तर निकालाआधीच मिटला होता: 2010 पर्यंत त्यांच्या आवारातच नवी जागा झाली आणि सोहळे तिकडे हलले.