कबुलीजबाबाआधी एक फोन

एका परिचितांनी विचारले, "मुलीला अमेरिकेत इमिग्रेशन वकील व्हायचंय. म्हणजे व्हिसाचे फॉर्म भरून देणारी एजंटच ना?"

तसे नाही. तिथे कायदा ही पहिली पदवी नसते. आधी चार वर्षांची कोणतीही पदवी, मग तीन वर्षांची 'जे.डी.', त्यानंतर एखाद्या राज्याची बार परीक्षा. आपल्याकडे एलएल.बी. झालेले काहीजण तिथे एलएल.एम. करून न्यूयॉर्कची परीक्षा देतात. स्थलांतराचा कायदा केंद्राचा असल्याने न्यूयॉर्कची सनद असलेला वकील टेक्सासमधल्या माणसाचेही हे काम पाहू शकतो.

कंपन्यांसाठी एच-वन-बी, ग्रीन कार्ड यांची कागदपत्रे करणे, हा या कामाचा आपल्या ओळखीचा भाग. दुसरा भाग हद्दपारीच्या खटल्यांचा. हे न्यायालय खरे तर न्यायखात्याचेच एक कार्यालय. सरकारची बाजू मांडायला तिथे वकील असतो. समोरच्याला मात्र सरकारी खर्चाने वकील मिळण्याचा हक्क नाही, तो लहान मूल असला तरी. तारीख चुकली, तर गैरहजेरीतच हद्दपारीचा हुकूम होऊ शकतो. आश्रयाचा अर्जही, काही अपवाद सोडले तर, देशात आल्यापासून वर्षभरात करावा लागतो. त्यामुळे वकील अशिलाची कहाणी ऐकण्याआधी त्याच्या कागदांवरच्या तारखा पाहतो.

होझे पडिया यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. मूळचे होंडुरासचे, चाळीस वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत कायदेशीर वास्तव्य, व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्यात नोकरी. केंटकीत त्यांच्या ट्रकमध्ये गांजा सापडला. "इतकी वर्षं इथे आहात, इमिग्रेशनची काळजी नको," असे त्यांच्या फौजदारी वकिलाने सांगितले. त्यांनी गुन्हा कबूल केला. त्या कबुलीने हद्दपारी जवळजवळ अटळ झाली! 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की, कबुलीमुळे देश सोडावा लागेल का, हे अशिलाला सांगणे फौजदारी वकिलाचे कर्तव्यच आहे. म्हणून जाणते फौजदारी वकील आता आधी इमिग्रेशन वकिलाला फोन करतात. एखादे कलम बदलून घेतले, तर शिक्षा तीच राहते. पण माणूस कुटुंबात राहू शकतो.

परिचित म्हणाले, "आणि पगार?" कंपन्यांच्या कामात बरा, निर्वासितांचे खटले लढवणाऱ्या संस्थांत बराच कमी. मुलीला नेमके ते दुसरेच काम करायचे आहे, असे नंतर कळले.