पोकळीचा टन

कोडोलीसारख्या उसाच्या गावात टन म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. उसाची ट्रॉली काट्यावर चढते, भरल्या वजनातून रिकामी गाडी वजा होते, आणि उरलेल्या आकड्यावर घराचं वर्ष निघतं. त्यामुळे 'आयकॉन ऑफ द सीज' हे जहाज 2,48,663 टनांचं आहे म्हटलं की आपण मनातल्या मनात ऊसच तोलायला लागतो. पण प्रवासी जहाजाचा हा टन वजनाचा नसतोच. जुन्या हिशेबात शंभर घनफूट बंदिस्त जागा म्हणजे एक टन. आता सूत्र बदललंय, तरी मोजतात ते आकारमानच. म्हणजे काट्यावर चढते ती पोकळी.

ही पोकळी माणशी किती येते, यातच बोटीची खरी प्रतवारी आहे.

आपली 'आंग्रिया' घ्या. 20 ऑक्टोबर 2018 ला मुंबई-गोवा फेरीसाठी तिचं उद्घाटन झालं, तेव्हा ती नवी नव्हती. 1997 मध्ये जपानात बांधलेली ही 'ओगासावारा मारू'. टोकियोहून हजार किलोमीटरवरच्या चिचिजिमा बेटाला जायचं तर विमानतळ नाही, बोट हाच रस्ता, आणि ती बोट हीच. साडेपंचवीस तासांची ही धाव म्हणजे ताशी चाळीसेक किलोमीटर. स्वस्त वर्गातले उतारू सतरंजीवर ओळीनं आडवे. हजाराच्या वर माणसं मावायची. त्याच 131 मीटरच्या सांगाड्यात आपल्याकडे 104 खोल्या काढल्या आणि उतारू साडेतीनशे-चारशेवर आणले. वेगही मुद्दाम मारला. संध्याकाळी निघून सकाळी गोवा. घाईच्या बोटीची निवांत बोट झाली, आणि तिकीट होतं त्या निवांतपणाचं.

याउलट माणशी जागा किती कमी असू शकते, तेही पाहा : 17 जुलै 1947 ला मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' ही प्रवासी बोट जेमतेम 55 मीटरची होती. तिच्यावर सातशेच्या आसपास माणसं होती; ती बुडाली, आणि त्यातली सहाशेहून जास्त गेली.

मग लहान आणि महागडी शोधसफरीची बोट माणशी भरपूर जागा देत असेल? इथं आकडे उलटे पडतात. या धंद्याची आद्य बोट, लार्स-एरिक लिंडब्लाड यांची 'एक्सप्लोरर', 1969 मध्ये फिनलंडमध्ये बांधलेली, अवघी 2,398 टनांची. 'आयकॉन'च्या पोटात अशा शंभराहून जास्त बोटी बसतील. उतारू शंभर, म्हणजे माणशी 24 टन. 'आयकॉन' 7,600 उतारूंनी तुडुंब भरली तरी माणशी जवळपास 33! 'एक्सप्लोरर' नोव्हेंबर 2007 मध्ये अंटार्क्टिकाजवळ बर्फाला धडकून बुडाली, पण सगळी 154 माणसं वाचली.

अंटार्क्टिकाला जाणारे लोक पैसे मोजतात ते खोलीसाठी नव्हे, किनाऱ्यावर पाय ठेवण्यासाठी. अंटार्क्टिका करारातल्या देशांनी 2009 मध्ये ठरवलं : पाचशेहून जास्त उतारू असलेल्या जहाजानं कुणालाही उतरवायचं नाही, आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं. पहिली अट नसती असं धरू. 'आयकॉन'च्या 7,600 जणांच्या 76 तुकड्या, प्रत्येकीला तीन तास : 228 तास, अखंड साडेनऊ दिवस. अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघणारी नेहमीची सफर असते दहा-अकरा दिवसांची, आणि त्यातले चारेक दिवस ड्रेकची सामुद्रधुनी ओलांडण्यातच जातात.