विश्लेषण : जुन्या ‘रीबर्थ’ची ओढ संगीतकारांना अजून का?

जपानच्या रोलँड कंपनीने १९८१ मध्ये टीबी-३०३ हा छोटा सिंथेसायझर आणला. बास गिटारवादक नसेल तर त्याची जागा भरून काढायची, एवढाच हेतू. ते जमले नाही आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबले. मुंबईत मात्र चरणजित सिंग यांनी १९८२ मध्येच हे यंत्र आणि टीआर-८०८ ड्रम मशिन वापरून डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले होते. पुढे शिकागोतल्या तरुणांनी सेकंड-हँड ३०३ वर ‘अ‍ॅसिड हाउस’ घडवले आणि यंत्राचा भाव गगनाला भिडला.

नक्कल हुबेहूब होती?

नव्वदच्या दशकात स्वीडनच्या प्रोपेलरहेडने ही दोन्ही यंत्रे ‘रीबर्थ’ सॉफ्टवेअरमधून संगणकावर आणली. अ‍ॅनालॉग यंत्रात प्रत्येक नगाचे सुटे भाग किंचित वेगळे असतात, आवाजही त्यानुसार बदलतो. एवढे बारकावे मोजणे तेव्हाच्या प्रोसेसरला झेपणारे नव्हते. पण मोजकीच बटणे आणि लगेच सुरू होणारा ठेका, हे आजच्या शेकडो पर्यायांच्या सॉफ्टवेअरमध्ये सापडत नाही. शिवाय अनेकांचे ३०३ शी पहिले नाते याच पडद्यावर जुळले.

मग अडचण काय?

कंपनीने २००५ मध्ये ‘रीबर्थ’ थांबवून मोफत केले. आयपॅडवरील आवृत्तीही रोलँडने बौद्धिक संपदेचा मुद्दा काढल्यावर २०१७ मध्ये हटली. बिघडलेल्या यंत्राचा भाग बदलता येतो. सॉफ्टवेअर चालेनासे झाले, तर त्यात बनवलेली गाणीही उघडत नाहीत. त्यामुळे जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी प्रत्येक ट्रॅक ऑडिओ फाइल म्हणून काढून ठेवलेला बरा.