नोकरदाराच्या मनाचा शीण



कल्याणच्या पुढें निघालेली आगगाडी 1855 सालीं वाशिंदला पोहोंचली. आज त्याच मार्गानें वाशिंदचे अनेक नोकरदार रोज मुंबईस जातात. छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनस तेथून सुमारें 80 किलोमीटर. जाण्यायेण्यांत दिवसाचे साडेतीन-चार तास सहज खर्च होतात. रात्रीं परतलेला गृहस्थ मुलाच्या साध्या प्रश्नावर खेंकसतो, जेवतांना बोलत नाहीं. घरचीं माणसें म्हणतात, 'ह्यांचा स्वभावच हल्लीं तिरसट झाला आहे.' हें निदान बरोबर आहे काय?

कामामुळें मन थकून जाण्याच्या अवस्थेचीं तीन लक्षणें जागतिक आरोग्य संघटनेनें 2019 सालीं स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणांत दिलीं आहेत: शक्ति आटणें, कामाविषयीं तुटकपणा किंवा कडवटपणा येणें, आणि आपल्या हातून कांहीं नीट होत नाहीं असें वाटणें. संघटना हिला रोग म्हणत नाहीं. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याचा हा परिणाम होय, असें ती म्हणते. तेव्हां दोष केवळ स्वभावाचा नव्हे.

पुष्कळ काम असणें हेंच ह्याचें कारण असेंही नाहीं. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक ह्यांनीं 1979 सालीं असें मांडलें कीं, कामाचा बोजा मोठा आणि तें कसें करावें हें ठरविण्याची मुभा थोडी, असा योग आला म्हणजे मनावरील ताण विशेष वाढतो. वाशिंदच्या प्रवाशाचेंच पाहा. गाडीची वेळ त्याच्या हातीं नाहीं. हजेरीची वेळही नाहीं. दहा मिनिटांच्या उशिरासाठीं अर्धा दिवस कापला जाण्याची धास्ती त्याला पहांटेपासून असते. वरिष्ठांनीं अर्ध्या तासाची सवलत दिली, तर गाडी वेळेवर येणार नाहीं. परंतु धास्ती उणावेल. असा उपाय कचेरीनेंच करावयाचा असतो.

पुढील संशोधकांनीं सोबत्यांच्या आधारासही महत्त्व दिलें. लोकलच्या डब्यांत टाळ वाजविणारीं भजनी मंडळें तो आधार नकळत देतात.

तथापि खिन्नता दोन आठवड्यांहून अधिक टिकली, कशांतच गोडी वाटेनाशी झाली, झोंप व भूक उडाली, तर तो साधा शीण समजूं नये, डॉक्टरांस दाखवावें. जगणें नकोसें वाटूं लागल्यास तर क्षणाचाही विलंब करूं नये. 2022 सालीं सुरू झालेल्या टेलि-मानस सेवेच्या 14416 ह्या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. मानसिक उपचार मिळणें हा 2017 च्या कायद्यानें प्रत्येकाचा हक्क ठरविला आहे. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.

घरच्यांनीं 'तुम्ही असे कां वागतां?' असें विचारण्याऐवजीं 'आज कामावर काय झालें?' असें विचारून पाहावें, आणि उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.